धुरकट ताटली

फार वर्षांपूर्वी द्वारकाबाईंच्या काचेच्या भट्टीत एक मातीचा साचा राहायचा. भट्टीत तापलेली काच त्याच्यावर वाकली की तिची ताटली व्हायची. पण पुढे पुढे प्रत्येक ताटली धुरकट निघू लागली.

"हा खडबडीत साचाच वाईट!" काच रडवेली होऊन म्हणाली. द्वारकाबाईंनी साचा फोडायला उचलला. तो गप्प राहिला. त्यालाही ते खरंच वाटू लागलं होतं.

"थांबा, बाई," भट्टी म्हणाली. "ताटली उलटून बघा. साच्याला टेकलेली बाजू स्वच्छ आहे, वरची धुरकट आहे. चूक माझी. काच तडकेल या भीतीने मी तिला फार वेळ कडक आचेत धरून ठेवते."

पुढच्या खेपेला भट्टीने आच वेळेवर उतरवली. ताटली लख्ख निघाली.

"आधी का नाही बोललीस?" साच्याने विचारलं.

भट्टी ओशाळली. "तू गप्प होतास ना, म्हणून मलाही गप्प बसणं सोपं गेलं."