शिगेचे माप

शंखवती नगरीच्या गादीवर पुष्पकेतू राजा बसला होता, त्या काळी बोधिसत्त्व एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी जन्मला आणि पुढे त्याच राजाचा कोठारप्रमुख झाला. त्याचे नाव संवर. राज्याचे सगळे धान्य आणि सगळे सोने त्याच्या हाताखालून जाई, पण त्याच्या हाताला कधी काही चिकटले नाही. अशी माणसे तेव्हाही थोडीच होती.

शंखवती सपाटीवरची, नदीकाठची, श्रीमंत. तिच्या उत्तरेला मोठा घाट होता आणि घाटमाथ्यावर शैलकोट नावाचे छोटे राज्य. तिथला राजा वीरसह. उत्तरेकडून जो कुणी शंखवतीवर चालून येईल त्याला आधी शैलकोटचा दरवाजा फोडावा लागे. म्हणून दोन्ही राजांच्या आजोबांनी भावकीचे नाते जोडले होते. शैलकोटने दरवाजा राखायचा, शंखवतीने त्याला अन्न कमी पडू द्यायचे नाही.

त्या मुलखात धान्य देण्याची एक रीत होती. देणाऱ्याने पाटी शिगोशीग, म्हणजे काठाच्या वर ढीग चढवून भरायची, वर दाणे ओघळू लागले की फडके बांधायचे. काठावरून काठी फिरवून माप सपाट करायचे ते एकाच वेळी, भाऊ भाऊ वेगळे होताना. कुणाला दाणा जास्त नको, कुणाला कमी नको, म्हणून वाटणीचे धान्य सपाट मापाने द्यायचे. शैलकोटच्या डोंगरात ही रीत जशीच्या तशी होती. शंखवतीत मात्र बाजार वाढला, दूरदूरचे व्यापारी आले, रोजच काठी फिरू लागली आणि सपाट मापाचा अर्थ लोक विसरून गेले.

पुढे उत्तरेचा राजा दुर्मर्ष मोठे सैन्य घेऊन आला आणि शैलकोटच्या उत्तर दरवाजाशी तळ देऊन बसला. शैलकोटचा दूत सोमिल घाट उतरून शंखवतीला आला. हा सोमिल वयस्कर, मितभाषी, थोडा तिरकस माणूस. त्याला पाहताच पुष्पकेतू आसनावरून उठला, त्याला आपल्या शेजारी बसवले आणि संवरला म्हणाला, मोजत बसू नका, लागेल तेवढे पाठवा. त्या वर्षी पाट्यांना अशा शिगा लागल्या की घाटाच्या वाटेवर पाखरांनी पोट भरून घेतले.

दुसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला. शंखवतीत भाव चढले आणि लोक कुरकुरू लागले, की आमच्या तोंडचा घास डोंगरात का जातो? अमात्य कपिंजल राजाला म्हणाला की जे द्यायचे ते लिहून देऊ, म्हणजे उद्या परत मागता येईल. यात वाईट काय होते? काहीच नाही. कपिंजल दुष्ट नव्हता हो. त्याला शंखवतीची चूल पेटती ठेवायची होती आणि दुसऱ्याची चूल त्याला एवढ्या लांबून दिसत नव्हती. संवरने कर्जपत्र लिहिले, सोमिलने मुद्रा उठवली.

पण एकदा लिहायला लागले की लेखणी थांबत नाही. तिसऱ्या वर्षी धान्याच्या बदल्यात घाटाची जकात गहाण पडली, मग मिठाच्या खाणी. शैलकोटच्या जकातनाक्यावर शंखवतीचा कारकून जाऊन बसला आणि शैलकोटच्याच बायकांकडून मीठ नेण्याचे पैसे घेऊ लागला. इकडे सोमिलचे आसन राजाशेजारून आधी खालच्या पायरीवर गेले, नंतर खांबापाशी, आणि शेवटी अर्ज घेऊन आलेल्यांच्या रांगेत. कुणी त्याला हलवल्याचे कुणाला आठवत नव्हते. राजाही त्याला आता ‘काका’ न म्हणता ‘दूत’ म्हणू लागला.

चौथ्या वर्षी शैलकोटमध्ये माणशी मूठभर धान्य मिळू लागले. सोमिल पुन्हा आला आणि त्याने पाचशे गाड्या मागितल्या. दर हिवाळ्यात घाटमाथ्यावर बर्फ पडे, दुर्मर्षाला उघड्यावर राहणे अशक्य होई आणि तो उन्हाळ्यापर्यंत मागे हटे. तोवरचे दोन महिने निघाले की दरवाजा वाचणार होता. नाही निघाले तर शैलकोटही जाणार होते आणि त्यामागोमाग शंखवतीही.

नाक दाबले की तोंड उघडते, हे कपिंजलाला ठाऊक होते. तो म्हणाला, पाचशे गाड्या देऊ, पण यापुढे उत्तर दरवाजाची किल्ली आमच्या सेनापतीकडे राहील. आणि धान्य बाजारच्या रीतीने, सपाट मापाने. शिगेत दहाव्या हिश्शाचे धान्य जाते, ते वाचले तर पन्नास गाड्या उरतील, आपल्या उपाशी कुंभारवाड्याचे दोन महिने त्यावर निघतील.

सोमिलच्या घरी सून आणि दोन नाती त्याच मूठभर धान्यावर होत्या. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण याला अक्कल होती आणि तेच जास्त दुःखाचे होते. तो म्हणाला, “किल्ली देतो, महाराज. पण माप सपाट करू नका.”

राजाला वाटले, म्हातारा चार दाण्यांसाठी घासाघीस करतो आहे. त्याने मान हलवून नकार दिला. संवर तिथेच उभा होता. त्याच्या आजीने लहानपणी त्याला सपाट मापाचा अर्थ सांगितला होता. त्याने राजाला तो सांगितलाही, पण हळू आवाजात आणि एकदाच. राजा हसून म्हणाला की उपाशी माणूस काठाकडे बघत नाही. संवर गप्प बसला. त्या गप्प बसण्याचे त्याला पुढे जन्मभर वाईट वाटत राहिले.

किल्लीच्या गहाणपत्रावर मुद्रा उठली आणि पाचशे गाड्या घाटाच्या पायथ्याशी गेल्या. तिथून धान्य पाट्यांत भरून हमालांच्या डोक्यावरून वर चढवायचे. पाटीपाटीवर काठी फिरली. सोमिल घरी न जाता पायथ्याशीच एका झाडाखाली बसून राहिला, कारण हे धान्य घेऊन आपल्या माणसांसमोर जायला त्याचे पाय धजेनात.

सहाव्या दिवशी हमालांचा मुकादम हात हलवत शंखवतीला परत आला. त्याने सांगितले की शैलकोटच्या लोकांनी धान्याला हात लावला नाही. पाट्या दक्षिण दरवाजाबाहेर उतरवल्या तेव्हा बायका तटावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सपाट पाट्यांच्या रांगा पाहिल्या आणि रडणारी मुले घेऊन आत गेल्या. एक म्हातारी तेवढी थांबली होती. ती म्हणाली, “वाटणी पोहोचली म्हणून सांग तुझ्या राजाला.”

दरबारात आधी हशा पिकला. उपाशी आणि वर तोरा, असे कुणीतरी म्हणाले. पण मुकादमाचे बोलणे संपले नव्हते. भावकी तुटली हे कळताच वीरसहाने दुर्मर्षाच्या वकिलाला पहिल्यांदाच गडात येऊ दिले होते. वकिलाचे म्हणणे सोपे होते. दरवाजा उघडा, आम्ही खाली जाऊन शंखवती बुडवतो, शंखवतीबरोबर तुमचे कर्जही बुडेल. वीरसहाने विचार करायला चार दिवस मागून घेतले होते.

आता कुणी हसले नाही. कपिंजलाच्या तोंडचे पाणी पळाले. तो म्हणाला की ताबडतोब सैन्य वर पाठवू आणि ठरल्याप्रमाणे किल्ली ताब्यात घेऊ. तेव्हा संवर पुढे आला आणि या वेळी तो मोठ्याने बोलला.

“महाराज, आपण त्यांना अशा जागी आणून ठेवलं आहे की जिंकले तर त्यांचा दरवाजा आपला, मीठ आपलं, जकात आपली. हरले तर निदान कर्ज तरी सुटतं. चार वर्षं ते आपल्यासाठी मरत आहेत आणि आपण त्यांचं जिंकणं महाग करत गेलो. यात कपिंजलाचा एकट्याचा दोष नाही. त्या सगळ्या पत्रांवर अक्षर माझं आहे.”

राजाने तोंडावरून हात फिरवला. त्याला सोमिलचे ते रांगेतले आसन आठवले असावे. तू काय करणार, असे त्याने विचारले. संवरने गहाणपत्रे मागितली आणि दरवाजाबाहेरच्या पाट्यांवर शीग घालायला पन्नास गाड्या मागितल्या. राजाने जकातीचे, मिठाचे आणि किल्लीचे अशी तिन्ही गहाणपत्रे काढून दिली. गाड्या मात्र देता येईनात. कुंभारवाड्याला शब्द दिला आहे, तो मोडला तर इथल्या लोकांना तोंड कसे दाखवू, असे तो म्हणाला. संवरला ते पटले. इथली पोरेही पोरेच होती.

तो घरी गेला. वडिलांपासूनचे साठवलेले, बियाणे धरून, बावन्न गाड्या धान्य त्याच्या घरच्या कोठारात होते. त्याने बायकोला, मेखलेला, सगळे सांगितले. तिने कोठाराची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि मग विचारले, “दोन गाड्या उरतील, त्या संपल्यावर आपण काय खायचं?”

“बाजारातून आणू,” तो म्हणाला, “सपाट मापानं.”

मेखला हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले, कारण तिला त्या दोन गाड्यांचा हिशेब त्याच्यापेक्षा चांगला येत होता. तरी तिने स्वतः उभे राहून पन्नास गाड्या भरून घेतल्या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी संवर हमालांबरोबर घाट चढला. पायथ्याशी सोमिल त्याला येऊन मिळाला. साठी उलटलेल्या संवरने स्वतःच्या डोक्यावरही एक पाटी घेतली होती. सोमिल म्हणाला, मान मोडेल. संवर म्हणाला, मोडू दे, वाकायला तरी शिकेल. दक्षिण दरवाजाबाहेर पाट्यांच्या रांगा तशाच होत्या. सहा दिवस उपाशी गावासमोर अन्न उघडे पडले होते आणि एकही पाटी उष्टावलेली नव्हती.

एकेका पाटीवर ओंजळी ओंजळींनी शीग चढू लागली. दुपार झाली, ऊन कलले. तटावर आधी एक डोके दिसले, मग दहा, मग तट भरून गेला. शेवटी दरवाजा किलकिला झाला आणि वीरसह एकटाच बाहेर आला. त्याच्या गालांची हाडे वर आली होती, दंडावरचे कडे कोपरापर्यंत घसरले होते. जेवढे धान्य लोकांना मिळे तेवढेच तोही खात होता.

त्याने विचारले, “संवरा, कर्ज माफ करायला आलास का?”

“नाही, महाराज. घेतलेलं धान्य तुम्ही फेडाल, तेवढी तुमची ओळख आहे मला. गहाण परत द्यायला आलो आहे. भावाकडून ते घ्यायलाच नको होतं.” त्याने तिन्ही पत्रे पुढे केली. डोक्यावरची पाटी त्याने अजून उतरवली नव्हती.

वीरसहाने पत्रे हातात घेतली, पण वाचली नाहीत. ही शीग कुणी पाठवली, एवढेच त्याने विचारले. संवर म्हणाला, शंखवतीने. तेव्हा आयुष्यभर तोलूनमापून बोललेल्या सोमिलला राहवले नाही. तो म्हणाला, “खोटं बोलतो आहे, महाराज. याच्या घरची आहे ती. याच्या कोठारात आता उंदीरही राहणार नाही.”

वीरसहाने पुढे होऊन संवरच्या डोक्यावरची पाटी उतरवली, स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि ओझ्याखाली थोडे झोकांडत तो दरवाजातून आत गेला. त्याच्यामागून तटावरची माणसे खाली आली आणि एकेक पाटी उचलू लागली. सोमिलच्या दोन नाती एकच पाटी दोन्ही बाजूंनी धरून ओढत होत्या. सोमिल तिथेच मातीत बसला आणि रडला.

दुर्मर्षाच्या वकिलाला त्या संध्याकाळी गरम भात जेवू घालून परत पाठवले गेले. शैलकोटच्या चुली पेटलेल्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या, त्यामुळे त्याच्या राजाला वेगळा निरोप द्यायची गरज पडली नाही. बर्फ पडले आणि वेढा उठला, तो कायमचा.

शैलकोटने कर्ज अकरा वर्षांत फेडले. फेडताना देणारे ते होते, म्हणून प्रत्येक पाटीला शीग होती. पहिल्या खेपेला कारकुनांनी कपिंजलाला विचारले की वरचे धान्य काठीने काढून परत पाठवायचे का. कपिंजल म्हणाला की काठी आपण चुलीत घातली आहे. मग त्याने राजाला विचारून त्या पहिल्या खेपेची सगळी शीग मेखलेच्या दारात नेऊन उतरवली. तिला ती द्यायला तो स्वतः गेला होता.

ही गोष्ट सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोर बसलेल्यांकडे पाहिले आणि कोण कोण होते ते सांगितले. पुष्पकेतू म्हणजे आजचा उपासक भद्रवाह. सोमिल म्हणजे म्हातारा भिक्खू पुण्णिल, जो आजही कमीच बोलतो. वीरसह म्हणजे भिक्खू खेमदत्त आणि मेखला म्हणजे भिक्खुणी सुजंबा. कपिंजल म्हणजे चीवरांच्या, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांच्या, कोठीवरचा भिक्खू तिस्सिल. त्याला हसू नका, त्याच्या मोजण्यामुळेच थंडीत प्रत्येकाला चीवर मिळते. हमालांमध्ये तर तुमच्यातले पुष्कळ जण होते. आणि त्या जन्मी संवर होता तो मीच. आधी हळू बोललो, मग मोठ्याने बोललो, आणि घरचे धान्य नेऊन घातले. अडचणीतल्या मित्राला त्याचा मान शाबूत ठेवून देणे, याला मैत्री म्हणतात, आणि त्या जन्मी बोधिसत्त्व असताना मी ती पूर्णत्वाला नेली.