लाल पानांची गल्ली

एका शहरात श्रीरंग नावाचा एक फोटोवाला होता. दिवसभर तो दुकानात पासपोर्टचे फोटो काढायचा. "हनुवटी वर, हसू नका," असं सांगून सांगून त्याचा स्वतःचाच चेहरा पासपोर्टवरचा झाला होता.

माघ महिन्यात एकदा त्याला मागच्या गल्लीतलं बदामाचं झाड दिसलं. पानगळ ऐन भरात होती आणि पानं अशी लालभडक, की श्रीरंग जागीच थबकला. दोन उंच इमारतींच्या फटीतून तिथे सकाळी जेमतेम दहा मिनिटं ऊन उतरायचं. त्या उन्हात जमिनीवरची पानं कशी पेटून उठतील, या विचारानं त्याला दुकानात बसवेना.

पण रोज ऊन यायच्या आत गल्ली लख्ख झालेली असायची. सफाई कामगार शेवंताबाई सहालाच खराटा घेऊन यायच्या. आठव्या दिवशी श्रीरंगनं त्यांना पहाटेच गाठलं.

"मावशी, आजचा दिवस पानं राहू द्या."

"साडेसातला मुकादम बघायला येतो, दादा. बारा वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलेलं नाही."

"फोटो झाला की मीच झाडतो. साडेसातच्या आत. शब्द देतो."

शेवंताबाईंनी त्याला नीट न्याहाळलं आणि आपल्या ढकलगाडीतला दुसरा खराटा त्याच्या हाती दिला. "दहा मिनिटं लागतात झाडायला," एवढंच म्हणून त्या पुढच्या गल्लीत गेल्या.

श्रीरंगचा आनंद गगनात मावेना. ऊन आलं. आधी ते भिंतीवर चढलं, मग हळूहळू खाली सरकू लागलं. पण सात वीस झाले तरी ते पानांपासून हातभर लांबच. आणखी चार मिनिटं थांबलं तर फोटो नक्की, पण मग झाडणं होणार नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो, जग असंच तर चालतं. मुकादमाला काहीतरी सांगता येईल. मनाला पळवाटा भराभर सुचतात, तशा त्यालाही सुचल्या. मग त्याला ती बारा वर्षं आठवली. त्यानं कॅमेरा फांदीला अडकवला आणि खराटा उचलला.

सवय नव्हती, त्यामुळे धूळच धूळ उडाली. तेवढ्यात ऊन खाली उतरलं. धुळीत उन्हाचे पट्टेच्या पट्टे उभे राहिले आणि खराट्यासरशी लाल पानं त्यांतून उडू लागली. असं काही श्रीरंगच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कॅमेरा दोन हातांवर होता. तो झाडत राहिला.

मुकादम आला, गल्ली बघून पुढे गेला. ऊनही गेलं.

"निघाला का फोटो?" शेवंताबाईंनी परत येऊन विचारलं.

"राहिला. पण मावशी, झाडताना इथे काय दिसतं म्हणून सांगू!" आणि तो घामेजलेला माणूस हातवारे करत सांगतच सुटला.

शेवंताबाई हसल्या. "ही गल्ली मी नेहमी सगळ्यात आधी झाडते. उद्या शेवटी झाडीन. सात वीसला या."

तो फोटो आता दुकानात लावलाय. धूळ, ऊन, उडणारी लाल पानं आणि मधोमध खराटा घेतलेल्या शेवंताबाई. तो पाहून गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो, आणि श्रीरंगला पुन्हा सांगावं लागतं, "हसू नका."

तात्पर्य: शब्द मोडावासा वाटतो, तीच तो पाळायची खरी वेळ.