तळघरातलं तूप

कितीतरी पिढ्यांमागची गोष्ट. माळावर वसलेल्या एका राज्यात उन्हाळा असा तापायचा, की दुपारी दगड हातात धरवत नसे. तिथल्या एका शहाण्या राजाने कायदा करून ठेवला होता: दुपारी वाटीतलं तूप पातळ झालं, की ऊन उतरेपर्यंत बांधकाम बंद. वाटी ठेवायची, बघायची, दवंडी द्यायची. इतका साधा कायदा. पण साधा कायदा मोडायला फार अक्कलही लागत नाही.

पुढे त्याचा नातू गादीवर आला. त्याला उकाडा सोसवत नसे, म्हणून त्याने थंडगार महाल बांधायला काढला आणि काम कारभाऱ्यावर सोपवलं. कारभाऱ्याने तुपाची वाटी ठेवली कुठे, तर आपल्या तळघरात! तिथे वाळ्याचे ओले पडदे, दोन्ही बाजूंना पंखे हलवणारे नोकर. तिथे कसलं तूप पातळ होतंय? रोज दुपारी दवंडीवाला ओरडायचा, "तूप घट्ट आहे हो! काम चालू ठेवा!"

महालाच्या भिंतीवर भिवा गवंडी होता. त्याची बायको धुरपा त्याला चुन्याच्या पाट्या पोचवायची. भिवाची भिंत कधी ओळंब्याच्या दोरीबाहेर जात नाही, असं सगळे म्हणायचे. एका दुपारी धुरपा पाटी घेऊन वर चढली, तर भिवाने नुकताच बसवलेला दगड वाकडा. तिने चटकन त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता.

"आवं, वाईच सावलीला बसा. अंगाची लाही झालीया तुमच्या."

भिवा जड जिभेने म्हणाला, "दवंडी ऐकली न्हाईस व्हय? तूप घट हाय. म्हंजी ऊन काय एवढं न्हाई. माझंच अंग कच्चं पडलं बग."

केवढं हे पाप! उपाशी माणसाला निदान आपल्याला भूक लागलीय हे कळतं. इथे माणसाला स्वतःच्या कातडीपेक्षा दुसऱ्याच्या वाटीवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं.

धुरपा मुकादमाकडे धावली. "दादा, त्यास्नी खाली उतरवा. त्यांचं काय खरं न्हाई."

"दवंडी झाली ना? मग मी काय कायद्याच्या वर आहे?" मुकादम म्हणाला. तो स्वतः चिंचेच्या सावलीत उभा होता, हे सांगायलाच हवं.

ती परत आली तोवर भिवा कोसळला होता. गड्यांनी त्याला खाली आणलं. धुरपाने माठभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं, पदराने वारा घातला. "थर पुरा करायचा ऱ्हायलाय," एवढंच तो पुटपुटला आणि गेला.

कामावर माणूस गेला, तर त्या दिवशी भिंतीला हात लावायचा नाही, अशी गवंड्यांची रीत होती. एकाने ओळंबा गुंडाळला, मग दुसऱ्याने. थाप्या खाली आल्या, छिन्न्या थांबल्या, चुना दळायची घाणी थांबली. सगळीकडे इतकं सामसूम झालं, की राजाची वामकुक्षी मोडली आणि तो काय झालं ते बघायला स्वतः बाहेर आला.

तेवढ्यात धुरपा तडक कारभाऱ्याच्या तळघरात शिरली होती; दवंडीवाला रोज तिथूनच बाहेर पडायचा, हे तिने पाहिलं होतं. तिथला गारवा अंगाला लागला आणि संतापाने तिचे डोळे भरून आले. कारभारी लोडाला टेकून घोरत होता. तिने वाटी उचलली. पहारेकरी भानावर येईपर्यंत ती अंगण ओलांडून राजासमोर उभी राहिली. वाटीतलं तूप पाण्यासारखं हिंदकळत होतं.

"म्हाराज, तळघरापास्नं हितवर शंभर पावलं. तेवढ्यात ह्याचं पानी झालं. माजा धनी सकाळधरनं भित्तीवर हुता."

मागून कारभारी धापा टाकत आला. "महाराज, वाटी कुठे ठेवायची हे कायद्यात लिहिलेलंच नाही!"

राजा काही देवमाणूस नव्हता. पण घाईत तो छत्रीविना आला होता आणि पायाखालची फरशी चपलेतूनही पोळत होती. त्याने कारभाऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, तुला काय देऊ?"

"मला काय बी नगं. माजं मानूस तुमी देनार न्हाई. ही वाटी भित्तीवर ठिवा, आन् राखायला ह्या कारभाऱ्यास्नी बसवा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कारभाऱ्याला वाटीसकट भिंतीवर बसवलं. ऊन अजून कोवळंच होतं. तूप कडेनेही सुटलं नव्हतं, तोच तो किंचाळला, "पातळ झालं! पातळ झालं! काम बंद करा!"

खाली कुणी हसलं नाही. तेव्हापासून वाटी उन्हातच राहिली आणि दुपारी काम थांबू लागलं. महाल पुरा झाला, पण भिवाचा तो वाकडा दगड गवंड्यांनी कुणालाच सरळ करू दिला नाही. जाता-येता तो राजाला दिसायचा.

सावलीत बसून उन्हाचं माप काढणाऱ्याच्या चुकीची किंमत उन्हातला माणूस जिवाने मोजतो.