गोधडीची तीट

त्या राज्यात सगळी कुत्री दिवसभर खाजवत असत, आणि खाजवण्याला तिथे सेवा म्हणत. पिसवांना पिसवा म्हणायची सोय नव्हती, पाहुणे म्हणावं लागे. पिल्लू जन्मलं की बाराव्या दिवशी त्याला कळपाचा म्हातारा म्होरक्या दौलतबाबा याच्या गोधडीत गुंडाळत आणि गोधडीतून झडलेली काळी कणी त्याच्या कपाळाला तीट म्हणून लावत. गोधडीला असला कुबट वास यायचा की पोटातलं वर यावं. पण तोंड वाकडं करायची कुणाची छाती नव्हती.

कबरीची दोन पिल्लं त्याच गोधडीतून घरी आली आणि महिन्याभरात गेली. जाताना त्यांच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "काय उजळ निघाली गं! खानदानी रंग," शेजारची तांबडी म्हणाली. तिचंही एक असंच उजळून गेलं होतं.

आता तिसरी, चिंगी, उजळू लागली होती. तिच्या काखेत, पोटाशी, कानांमागे पाहुण्यांची नुसती बुजबुज. कबरीला शिसारी येई, तरी ती चाटत राही. एकदा तिची ओली जीभ तिटेवरून फिरली. काळी कणी विरघळली आणि चिंगीच्या कपाळावरून लाल ओघळ आला. कबरीने तो चाटला. जन्मताना प्रत्येक पिल्लाला तिने चाटूनच कोरडं केलं होतं, ही चव तिच्या ओळखीची होती, रक्ताची. ती तिथेच भडाभडा ओकली.

मग मानगूट धरून तिने चिंगीला ओढ्यात बुचकळलं, दातांनी एकेक पिसू टिपून फोडली. चिंगी त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोपली.

बातमी लपते थोडीच. सकाळी दौलतबाबा जमाव घेऊन दारात. "तीट पुसलीस? पोरीला पुन्हा गुंडाळा."

तांबडीने गोधडी पुढे केली. कबरीने ती दातात धरली, फरफटत नेली आणि पाण्याच्या डोणीत टाकली.

"अगं मेले, पाहुणे बुडतील!" दौलतबाबा ओरडला.

"बुडू देत. पिसवा आहेत त्या, बाबा."

डोणीतलं पाणी आधी गढूळ झालं, मग तांबूस, मग लालभडक. "उचला ती," दौलतबाबा म्हणाला. तांबडी वाकली, पाण्याजवळ नाक नेलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. आणि हरवलेल्या पिल्लाला आई बोलावते तशी ती त्या पाण्याकडे बघून हलकेच कुईकुई करू लागली.