पदराला पुसलेली सुरी

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरातल्या एका राज्यात राजानं बाळंतिणींसाठी एक घर बांधलं होतं. तिथे सहा सुइणी होत्या आणि एक भीती होती. धडधाकट जन्मलेली बाळं आठवड्याच्या आत जबडा आवळून दूध सोडायची, आणि जायची.

थोरल्या सुइणीनं त्यांच्यातल्या डावखुऱ्या सुइणीला शेजारच्या राज्यात धाडलं. तिथल्या वैद्यांनी हजार बाळंतपणं नीट पाहून कारण शोधलं होतं. ती परत येऊन म्हणाली, "नाळ कापायची सुरी भात शिजेपर्यंत उकळायची. मग तिला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. सगळ्यांनी रोज सराव करायला हवा, मावशी."

"तू आहेस ना," थोरली म्हणाली. "सगळ्यांनी कशाला हात भाजून घ्यायचे?"

"मीठ-हळदही घालतेस का गं सुरीच्या आधणात?" दुसरीनं विचारलं. बाकीच्या हसल्या.

डावखुरीच्या हातची बाळं जगू लागली. थोरलीही निर्धास्त झाली.

एकदा डावखुरी दोन डोंगरांपलीकडे एका अडलेल्या बाईकडे गेली, आणि भर दुपारी थोरलीच्याच लेकीला कळा सुरू झाल्या. थोरलीनं सुरी आधणात टाकली.

"किती वेळ ठेवायची, मावशी?" मदतीला आलेल्या एका सुइणीनं विचारलं.

"भात शिजेपर्यंत."

तिला सगळं आठवत होतं. बाळ रडलं. तिनं सुरी बाहेर काढली, चाळीस वर्षांच्या सवयीनं पदराला पुसली आणि नाळ कापली.

मग तिचं लक्ष पदराकडे गेलं.

बाळ दूध प्यायलं की तिला हायसं वाटे. ते झोपलं की ती त्याच्या हनुवटीवर हळूच बोट ठेवून पाही.

तिसऱ्या दिवशी डावखुरी परतली. बाळाला मांडीवर घेत तिनं सहज विचारलं, "मावशी, सुरी पुसली नव्हती ना?"

थोरलीनं मान खाली घातली. डावखुरीनं बाळाच्या हनुवटीवर बोट ठेवून पाहिलं.

सहाव्या दिवशी सकाळी लेक म्हणाली, "आई, आज हा तोंडच उघडत नाही. झोपेत असेल, नाही का?"

आठव्या दिवशी थोरली सगळ्यांना घेऊन चुलीपुढे बसली. "आधी मला शिकव," ती डावखुरीला म्हणाली. "माझा हात पदराकडे गेला की फटका मार."

सहाही जणी रोज सराव करू लागल्या. पुढे डावखुरी कुठेही गेली, तरी त्या घरातली बाळं जगली. थोरलीची लेक मात्र त्या घराची पायरी पुन्हा कधी चढली नाही.

बोध: ज्ञान एकीपाशी असून भागत नाही, ते घरातल्या प्रत्येक हाताच्या सवयीत उतरावं लागतं.