मुठीतल्या अक्षता

“चोर ओळखायचे तांदूळ अजून देता का हो, अप्पा?”

रेवणसिद्ध कोरे यांनी बसायच्या आधीच विचारलं.

अप्पा सुपातल्या तांदळांना हळद चोळत होते. वय ऐंशीच्या पुढे, हात मनगटापर्यंत पिवळे. सोलापुरात तळ्याजवळ त्यांची लहानशी मठी आहे. तिथे ते एकटेच राहतात.

“कुणाला चावायला द्यायचेत?”

“आधी देता का ते सांगा.”

“आधी बस.”

कोरे बसले. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. एक चप्पल त्यांनी पायरीवर काढली होती आणि दुसरी रांजणामागे, जोडी कुणाच्या हाती लागू नये म्हणून. मठीत तेव्हा अप्पांशिवाय चिटपाखरू नव्हतं. आणि अप्पा चाळीस वर्षं अनवाणी फिरतात.

तांदळांची रीत अप्पांच्या गुरूंची. घरात चोरी झाली की ज्याच्यावर संशय त्याला चिमूटभर तांदूळ चावायला द्यायचे आणि पानावर थुंकायला लावायचं. ज्याचे कोरडे बाहेर येतील तो चोर. भीतीने तोंडाला कोरड पडते, एवढंच त्यातलं गुपित. पण लोक त्याला मंत्र म्हणत, आणि गुरूंनी कधी कुणाला खोडून काढलं नाही.

“सुनेला द्यायचेत,” कोरे म्हणाले. “सरोजाला.”

“काय चोरलं तिनं?”

कोरेंनी मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडली. आतून रुमाल निघाला, रुमालातून काचेची लहान बाटली. बाटलीवर सुबक अक्षरात चिठ्ठी होती. गड्डा, २००९.

आत पिवळे तांदूळ होते.

“हे,” कोरे म्हणाले.

“हे तर बाटलीतच आहेत.”

“हे ते नव्हेत.”

...

संक्रांतीला सोलापुरात सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. गाव तिला गड्डा म्हणतं. कोरे गड्ड्याचे वेडे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, पण खरी नोकरी त्यांनी गड्ड्याचीच केली. घरातली एक खोली त्यांनी यात्रेतल्या वस्तूंनी भरून टाकली आहे आणि तिची चावी जानव्यासारखी गळ्यात घालून ते फिरतात.

“एकही वर्ष चुकवलं नाही, अप्पा. पाळण्याची तिकिटं आहेत. पत्र्याच्या बोटी आहेत, अजून पाण्यात चालतात. लोक बघायला येतात. मी हात लावू देत नाही.”

“करोनाच्या वर्षी काय केलंस?”

“पोलिसाची नजर चुकवून मैदानाची माती आणली. पुडी करून ठेवलीय.”

अप्पांनी मान डोलावली. कौतुकाने की कसं, ते कोरेंना कळलं नाही. ते थोडे सावरून बसले.

“गेल्या वर्षी शोभेचं दारूकाम कसं झालं?” अप्पांनी विचारलं.

“झकास. तीन नळकांडी मिळाली.”

“वर काय दिसलं?”

“वर...” कोरे थांबले. “मी खाली बघत होतो. पडलेलं नळकांडं दुसरं कुणी उचलतं ओ.”

“आणि लग्न?”

गड्ड्यात एक लग्न लागतं. कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं होतं, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न लावायला सांगितलं, अशी कथा आहे. संमती कट्ट्यापाशी दरवर्षी ते लग्न लागतं आणि सगळं मैदान अक्षता टाकतं.

“लग्नाचं तर माझं खास,” कोरे म्हणाले. “सगळे टाकतात तेव्हा मी मूठ खिशात घालतो. शेजारच्याला कळतसुद्धा नाही. घरी आलो की बाटलीत. एकेचाळीस बाटल्या आहेत.”

“म्हणजे एकेचाळीस वेळा लग्नाला गेलास.”

“होय की.”

“आणि एकदाही अक्षता टाकल्या नाहीस.”

“टाकल्या तर जमवणार काय?” कोरे हसले.

अप्पा हसले नाहीत. ते तांदळांतला एक खडा शोधत होते.

...

“दोन हजार नऊचं सांग.”

“गिरिजाचा शेवटचा गड्डा.” कोरेंचा आवाज खाली आला. गिरिजा त्यांची बायको. “होळीच्या आत गेली. त्या वर्षी तिचा हात वर होत नव्हता. दुखण्यानं पार गळून गेली होती, तरी आली. तिच्या अक्षता तिनं माझ्या हातात दिल्या. त्या बाटलीत दोघांच्या आहेत, अप्पा. होत्या.”

“काय म्हणून दिल्या?”

“दिल्या. एवढंच.”

अप्पांनी वर पाहिलं. कोरे बाटलीची चिठ्ठी अंगठ्याने सरळ करत होते. ती सरळच होती.

“गड्ड्याच्या आधी एकदा मी सगळ्या बाटल्या पुसतो. या वेळी ही हातात घेतली तर आत ताजे तांदूळ. जुने पांढुरके पडले होते. हे बघा, कालचे वाटतात. दिवाळीत मोतीबिंदू काढला तेव्हा दोन दिवस चावी सरोजाकडं होती. दुसरं कोण असणार?”

“तिला विचारलंस?”

“विचारलं. खाली मान घालून उभी राहिली. बोलत नाही म्हणजे काय समजायचं?”

“तू काय समजलास?”

“पंधरा दिवस झाले, तिच्या हातचं जेवत नाही. डबा लावलाय. तोही वास घेऊन खातो.”

“आणि ती?”

“बॅग भरायलीय. चारच्या एस.टी.नं अक्कलकोटला चाललीय, माहेरी. नातीला घेऊन. पोरगा म्हणतो, ती गेली की मीही दुसरं घर बघतो.”

कोरेंनी बाटली रुमालात गुंडाळली. पुन्हा उघडली.

“मग त्या घरात मी एकटाच, अप्पा. मला भीती वाटते त्याची. म्हणून चारच्या आत तांदूळ पाहिजेत. चोर निघाली तर जाऊ दे तिला. नाही निघाली तर... थांबवतो.”

अप्पांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. कोरेंनी आत डोकावून पाहिलं, आणि न पिता बाजूला ठेवला.

...

“मंत्र गुरूंबरोबर गेला,” अप्पा म्हणाले. “तांदूळ आहेत. पण आधी तू चावून बघ.”

“मी कशाला?”

“सुनेला देणार ते स्वतः चाखायला नको?”

कोरेंनी सुपाकडे पाहिलं. अप्पांच्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. आज यात्रेतल्या अक्षतांचा दिवस, अख्ख्या सोलापुराचे हात आज पिवळे असणार, हे त्यांना कळत होतं. तरी मन मानेना.

“तुमच्या सुपातले नकोत.”

“मग तुझ्या बाटलीतले घे.”

हे कोरेंना पटलं. त्यांनी बूच काढलं, चिमूटभर तांदूळ तळहातावर घेतले, वास घेतला आणि तोंडात टाकले.

अप्पांनी पळसाचं एक पान त्यांच्यापुढे ठेवलं.

कोरे चावू लागले. कुर्र... कुर्र... मठीत तेवढाच आवाज.

“रेवण,” अप्पा म्हणाले, “अक्षता देताना गिरिजा काय म्हणाली?”

जबडा थांबला.

बाहेर रस्त्यावरून यात्रेचे उंच नंदीध्वज चालले होते. हलगी वाजत होती. कुणीतरी हाळी दिली आणि गर्दीतून उत्तर आलं, हर्र बोला हर्र... मग आवाज कट्ट्याच्या दिशेने लांब गेला.

“थुंक,” अप्पा म्हणाले.

कोरे थुंकले.

पानावर तांदळाचा चुरा पडला. पिवळा, कोरडा. थुंकीचा थेंब नाही. थोडा चुरा पानावरून उडून जमिनीवर गेला.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

“मंत्र घातलाच नव्हता,” कोरे म्हणाले.

“नव्हता.”

“मग याला अर्थ नाही.”

“नाही.”

अप्पा पुन्हा तांदूळ चोळू लागले. कोरे उठतील असं वाटलं, पण ते उठले नाहीत.

“ती म्हणाली...”

...

“ती म्हणाली, माझ्याही तुम्हीच टाका.”

अप्पांचे हात थांबले नाहीत.

“सगळे टाकायले होते. माझ्या दोन्ही मुठी भरलेल्या. मी दोन्ही खिशात घातल्या. ती कट्ट्याकडं बघत होती. मला वाटलं, तिला दिसलं नाही.”

“दिसलं?”

“घरी येईपर्यंत बोलली नाही.”

“बोलली नाही म्हणजे काय समजायचं?”

कोरेंनी मान खाली घातली. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्यासमोर एक बाई अशीच उभी होती, हे त्यांना त्या क्षणी आठवलं असेल. नसेलही. माणूस चित्रकलेचा मास्तर असला तरी स्वतःची आकृती त्याला दिसतेच असं नाही.

अप्पा उठले. कोनाड्यातल्या समईमागून त्यांनी कागदाची पुडी काढली आणि कोरेंसमोर ठेवली.

“तुझ्या बाटलीतले तांदूळ माझ्या सुपातले आहेत.”

कोरे अर्धवट उठले. “म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून...”

त्यांची नजर आधी दाराकडे गेली. मग रांजणाकडे.

“चपला आहेत,” अप्पा म्हणाले. “पुडी उघड.”

पुडीत करडं पीठ होतं. मेलेले किडे होते, पोखरलेली टरफलं होती. आणि त्यात दहा-बारा दाणे धड, पांढुरके, एका टोकाला हळदीचा पुसट डाग असलेले.

“बाटलीचं बूच सैल झालं होतं. खोली झाडताना तिला दिसलं, आत किड्यांनी सगळं पीठ केलंय. बाटली पदराखाली घेऊन इथं आली. माझ्यासमोर तासभर रडली. म्हणाली, मामंजींना हे बघवणार नाही, अप्पा. मी दोन मुठी तांदूळ दिले. हे फेकवेना तिला, म्हणून माझ्याकडं ठेवून गेली.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस तेव्हा काय म्हणून विचारलंस?”

कोरेंनी पुडीचा कागद सरळ केला. ते म्हणाले होते, चोरटे, कुठं विकलंस? हे त्यांनी अप्पांना सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायची त्यांना लाज वाटली.

त्यांनी एकेक धड दाणा पिठातून वेचला. नवा डोळा, त्यामुळे वेळ लागला नाही. दाणे तळहातावर घेतले. मूठ मिटली. मिटलेला हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

खिशाच्या काठाशी थांबला.

“हे गिरिजाचेच कशावरून?” कोरेंनी विचारलं.

अप्पांनी तांब्या पुन्हा पुढे सरकवला.

कोरेंनी डाव्या हाताने तो उचलला. या वेळी आत डोकावलं नाही. घटाघटा प्यायले, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. तांब्या खाली ठेवला तेव्हा त्यांचे डोळेही ओले होते.

“लग्न कधी लागतंय?”

“तासाभरात.”

“आणि एस.टी. चारला.”

“चारला.”

कोरेंनी पायरीवरची चप्पल घातली, रांजणामागची घातली. पिशवी आणि बाटली भिंतीपाशीच राहिली. उजवी मूठ त्यांनी छातीशी धरली होती. दारात ते वळले.

“सोळा वर्षं मिटलेली मूठ आहे, अप्पा. तिथं गेल्यावर हात उठेल असं वाटत नाही मला.”

अप्पांनी सूप पाखडलं.

“नाही उठला, तर सरोजाच्या हातात दे. ती ठेवून घेणार नाही.”