पाटलाची कुदळ आणि निलगिरीचे खांब

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा वाळवी बोलायची आणि माणसं शहाणी होती, असं म्हणतात. यातलं पहिलं खरं असावं.

एका गावचा पाटील भारी संशयी. उचकी लागली, तर आठवण कोण काढतंय एवढ्यावर त्याचं भागायचं नाही. का काढतंय, याचा तो शोध घ्यायचा. हसू नका, तुमच्या घरातही असेल एखादा.

गावाची भातखाचरं ओढ्यापलीकडे होती. ओढ्यावरचा सावरीच्या लाकडाचा साकव वाळवीने फस्त केला. लावणीच्या आत नवा साकव झाला नाही, तर रोपं अलीकडे आणि खाचरं पलीकडे राहणार, गाव उपाशी मरणार. सुताराने रानातून निलगिरीचे खांब आणले. ही निलगिरी कुणी लावलेली नव्हती, ती त्या रानाचीच लेक. लाकूड इतकं चिवट की कुऱ्हाडीलाच घाम फुटायचा. ओढ्याच्या पात्रात खोल खड्डे खणून, दगड-माती ठेचून सुताराने खांब रोवले आणि वर साकव बांधला.

गाव खूश झालं. पाटलाला मात्र झोप येईना. हे झाड दरवर्षी साल टाकतं, म्हणजे सापाचा भाऊबंद. वास तर असा मारतं की आत काहीतरी कुजलेलं झाकतंय. आणि सुतार जाताना हसला होता. का हसला असेल?

मग बाजाराच्या दिवशी, गाव रिकामं झालं की, पाटील कुदळ-कोयता घेऊन ओढ्यात उतरू लागला. खांबाचा बुंधा उकरायचा, कोयत्याचा घाव घालून आत बघायचं, हुंगायचं, आणि घाईघाईत माती परत लोटायची. एकदा बुडाशी दोन वाळव्या कुरकुरत होत्या. एक म्हणाली, "माझे तर दातच पडले. चल बाई, पाटलाच्या माजघरात जाऊ."

पाटील चरकला. वाळवी एवढी उघड बोलते म्हणजे तिला कुणीतरी पढवलेलं असणार. त्या दिवशी त्याने आणखी खोल खणलं.

पाटलिणीने त्याचे चिखलाचे पाय पाहिले आणि काय ते ओळखलं. म्हणाली, "अहो, विरजण लागलं का ते बघायला सारखं ढवळलं, तर दही कसं लागायचं?"

पाटलाला वाटलं, हीसुद्धा सुताराला सामील.

पुढे ओढा भरून आला. रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन गाव काठावर पोचलं, तोवर खांब एकेक करून कलंडले आणि साकव आडवा झाला. पाटील आनंदाने ओरडलाच, "कुजका माल! मी म्हणत नव्हतो?"

चार गड्यांनी एक खांब काठावर ओढून काढला. बुंधा जसाच्या तसा, रोवला त्या दिवशीसारखा ठणठणीत. फक्त त्यावर एकाशेजारी एक कोयत्याचे घाव. गाव घावांकडे बघत राहिलं, मग पाटलाकडे. पाटलीण म्हणाली,

"लाकडात खोट नव्हती हो. पायाखालची माती तुम्ही काढलीत."

लावणी हुकली. त्या साली गावाने ओढ्याअलीकडच्या वरकस, उताराच्या हलक्या जमिनीवरच्या नाचणीवर दिवस काढले. पाणी ओसरल्यावर सुताराने तेच खांब पुन्हा रोवले. दगड-माती ठेचायला गावाने पाटलाला लावलं, आणि त्याची कुदळ ठेवली पाटलिणीच्या ताब्यात.

तात्पर्य: पारख रोवण्याआधी करावी; रोवल्यावर उकरत बसलं, तर पक्कं लाकूडही उभं राहत नाही.